वास गेला की उतरा

कोईमतूर,
५ जानेवारी १९९९

प्रतिभावहिनी,

तुला, आईला, बाबांना आणि भारतदादाला जय भीम. मी सुखरूप पोचले. आईनं बांधून दिलेल्या भाकऱ्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरल्या. इथे सकाळी भात, दुपारी भात आणि रात्री परत भात. मेसच्या बाई माझी भाषा समजत नाहीत, पण मी ताट सरकवलं की हसून आणखी वाढतात.

आज आम्हाला इथल्या प्रशिक्षण संस्थेतली साडी दाखवली. केळीच्या खुंटापासून काढलेल्या धाग्याची. हातात घेतली तर रेशमासारखी सळसळली. वहिनी, मला तिथेच रडू आलं. मल्हारीभाऊ घड काढून झाले की हेच खुंट बांधावर फेकतात आणि कुजले की शिव्या घालतात. आपल्या वस्तीतल्या सगळ्या बायकांना पुरेल इतकं काम त्या बांधावर पडलेलं आहे.

आता नीट वाच. फेब्रुवारीअखेर इथे पाच किलो धागा दाखवायचा आहे. ज्या गावाचा धागा चांगला, त्या गावाला खुंट सोलायचं यंत्र मिळेल. मल्हारीभाऊंनी त्यांची पडीक विहीर वापरायला दिलीच आहे. खुंटाचे पदर सोलून जुड्या बांधा आणि त्या विहिरीत सोडा. आई म्हणेल की ओढ्यात भिजवू. तिचं ऐकू नका. ओढ्याला तो कुजका रस लागला तर खालच्या गावाची गुरं तेच पाणी पिणार. कचऱ्यातून चांगलं काही करायचं आणि वाहतं पाणी नासवायचं, हे मला पटत नाही.

घरामागच्या निळ्या पिंपात मी चार खुंट कुजवले होते, आठवतं ना? आधी वास सुटला, मग वास गेला, आणि धागा केसासारखा मोकळा झाला. विहिरीतही तसंच होईल. वास येतोय तोवर हात लावू नका. वास गेला की उतरा. जुड्या वरून दोरानं ओढू नका, कुजलेला धागा तुटतो. कोणीतरी खाली उतरून हातावर घेऊन वर द्यायच्या.

भिऊ नका. यात भिण्यासारखं काही नाही.

तुझी,
दीपमाला


वस्ती,
२० जानेवारी १९९९

दीपाताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा माझ्यासाठी, एकदा आईंसाठी आणि एकदा विहिरीच्या काठावर उभी राहून सगळ्या बायकांसाठी. नवसाबाई म्हणाली, "हिला तर आकाशवाणीवर घेतील." आता रोज मला 'बातम्या' म्हणून हाक मारतात.

तेराला साठ जुड्या सोडल्या. मल्हारीभाऊंचे सालगडी सहादूभाऊ, पलीकडच्या आळीतल्या कुसाबाईंचे मालक, त्यांनी शिडी लावून दिली आणि दोर धरला. माणूस मोठा गमत्या. म्हणतात, "ताईच्या विहिरीत शिजतंय काय, लुगडी का लोणचं?" आई म्हणाल्या, "तुझ्या बायकोला नेसवीन तवा बघ."

आईंनी ओढ्याचा हट्ट धरलाच होता. "आमी अंबाडी वाहत्या पाण्यात भिजवायचो. कोंडलेलं पाणी चांगलं नसतं." मी म्हणाले, ताईंनी पत्रात लिहिलंय. मग गप्प बसल्या. तुम्ही पदवीधर झाल्यापासून तुमच्या कागदापुढे त्या काही बोलत नाहीत. माझ्यापुढे मात्र बोलतात, ते चालूच आहे.

पाचव्या दिवसापासून जो वास सुटला तो काय सांगू. मल्हारीभाऊंच्या सुलाबाई नाकाला पदर लावून आल्या. "कॉलेजात जाऊन हेच शिकली का पोरगी? आमच्या घरात जेवण जाईना." भांडण नको म्हणून मग आम्ही द्राक्षबागेतला जुना प्लास्टिकचा कागद आणला, विहिरीवर पसरला, वर गोणपाट टाकलं आणि कडेनं दगड ठेवले. आता बरं आहे. विहिरीच्या कपारीतल्या पारव्यांनी मात्र बिऱ्हाड हलवलं. एकही राहिला नाही.

एक तक्रार आहे. माझे पैंजण आणि आईंची जोडवी आठ दिवसांत काळी ठिक्कर पडली. नवसाबाईची पण. आम्ही तिघीच रोज काठावर बसून खुंट सोलतो ना, तर म्हणे आमच्या तिघींच्याच नशिबात खोटा सोनार. रविवारी त्याच्याकडे जाऊन त्याची हजेरी घेणार आहोत.

बाबा शनिवारी देवळाली कॅम्पहून येतात. त्यांना वाटतं त्यांची ड्यूटीच बरी, तिथे नुसता तोफांचा आवाज असतो, वास नसतो.

खाली उतरायचं आईंनीच ठरवलंय. नख लावून धागा सुटतो का ते त्यांनाच कळतं.

तुमची,
प्रतिभा


कोईमतूर,
२७ जानेवारी १९९९

प्रतिभावहिनी,

तुझं पत्र वाचून इतकी हसले की खोलीतल्या मुली जमल्या. त्या सोनाराला आधी सोडून दे! त्याचा काही दोष नाही. कुजताना जो वायू निघतो त्यात गंधक असतं, ते चांदीला लागलं की चांदीवर काळा थर बसतो. हायड्रोजन सल्फाइड त्याचं नाव. कॉलेजात आम्ही तो मुद्दाम तयार करायचो, सगळी प्रयोगशाळा सडक्या अंड्यासारखी घाणायची आणि सर खिडक्या उघडायला लावायचे. म्हणजे तुमचे पैंजण सांगतायत की विहिरीत काम जोरात चाललंय. चांगली खूण समज. चिंचेच्या कोळानं घास, थोडं उजळेल.

विहीर झाकलीस ते छान केलंस. सुलाबाईंशी भांडू नकोस, त्यांची विहीर आहे.

आईला सांग, सोळा वर्षं शिकवलंस त्याचं काहीतरी होतंय. वास जायची वाट बघा. माझ्या हिशोबानं या आठवड्यात जाईल.

दीपमाला


कोईमतूर,
२९ जानेवारी १९९९, संध्याकाळ

वहिनी,

हे पत्र मिळेल तेव्हा उभी असशील तिथून विहिरीवर जा आणि सगळ्यांना बाजूला कर. मग पुढचं वाच.

विहिरीत कोणीही उतरायचं नाही. आईनं नाही, कोणीच नाही. मी चुकले.

आज दुपारी इथल्या खुंट कुजवायच्या हौदावरच्या म्हाताऱ्या मुकादमांना मी तुमच्या पैंजणांची गंमत सांगत होते. मोडक्या हिंदीत. ते हसत ऐकत होते. मग म्हणाले, "चांदी काळी पडली, ती काठावर बसून?" मी हो म्हणाले. "विहीर झाकलेली आहे?" हो. "पाखरं?" उडून गेली. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली आणि विचारलं, "उतरणार कोण?" मी म्हणाले, माझी आई.

ते मला हाताला धरून एका बुजवलेल्या हौदापाशी घेऊन गेले. त्या हौदात त्यांचा धाकटा भाऊ गेला. त्याला काढायला मेहुणा उतरला, तोही गेला. दोघेही उतरताना म्हणाले होते की आता वास येत नाही.

वहिनी, तो वायू थोडा असला की वास येतो. फार झाला की वास यायचाच थांबतो. वास जात नाही, नाक बधिर होतं. हवेपेक्षा जड असतो, म्हणून तळाशी साचून राहतो, आणि आपण तर वरून झाकण घातलंय. हे सगळं पुस्तकात होतं. मी परीक्षेत लिहिलं होतं. मला त्यावर पूर्ण गुण मिळाले होते. आणि परवाच तुला ती चांगली खूण आहे असं मी लिहिलं. पिंपात मी वरून हात घातला होता, पिंपात मी उतरले नव्हते. एवढा फरक मला कळला नाही.

कंदील सोडून बघाल, तर तेही चालणार नाही. कंदील जळतो आणि माणूस पडतो.

फाट्यावरच्या एसटीडीवर दुपारपासून फोन लावतेय, लागत नाही. तार केली आहे. तारेत एवढंच लिहिलं, विहिरीत कोणीही उतरू नका. बाकीचं इथे लिहिते, कारण ते तारेत लिहायचा मला धीर झाला नाही.

कोणी उतरलं आणि पडलं, तर त्याच्या मागे दुसरं कोणी उतरायचं नाही. कोणीही पडलेलं असो. आई असली तरी. भारतदादाला धरून ठेवायचं. हे वाक्य मी चार वेळा खोडलं आणि पाचव्यांदा लिहिलं. आई असली तरी.

दीपा


वस्ती,
३० जानेवारी १९९९

दीपाताई,

आनंदाची बातमी. वास गेला!

काल सकाळी आईंनी कागदाचा कोपरा उचलला, डोकं आत घालून हुंगलं आणि म्हणाल्या, "नाय आता." मी पण हुंगून पाहिलं. आधी जरा भपकारा आला आणि मग काहीच नाही. जादूच. थोडं डोकं दुखलं, पण ते उन्हानं असेल. तुम्ही लिहिलं होतं तसंच झालं बरं का.

सहादूभाऊ म्हणाले, तरी आपली रीत सोडायची नाही. आपल्याकडे पडीक विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडतात, तुम्हाला माहीतच आहे. कंदील विझला तर उतरायचं नाही. आज दोराला बांधून पार पाण्यापर्यंत सोडला. कसा छान जळत होता, दिवाळीसारखा.

उद्या रविवार, बायका बाजारला जातील. म्हणून सोमवारी सकाळी आई उतरणार. सगळ्या जणी डबे घेऊन येणार आहेत. नवसाबाई म्हणते, पहिल्या धाग्याची वात करून बुद्धविहारात लावू. आई म्हणाल्या, "वात नाय, लुगडं. लुगडं बोलले मी सहादूला."

तुम्ही इथे पाहिजे होतात.

प्रतिभा


कोईमतूर,
५ फेब्रुवारी १९९९

वहिनी,

तुझं तीस तारखेचं पत्र आज मिळालं. सोमवार होऊन चार दिवस झाले.

परवा भारतदादाची तार आली. 'घरचे सर्व सुखरूप. येऊ नकोस.' एवढंच. मी पिशवी भरून दारात उभी होते. तार वाचली आणि पिशवी खाली ठेवली. खरं सांगू? मला बरं वाटलं. येऊ नकोस म्हटलंय, म्हणजे जायला नको. तिथे येऊन डोळ्यांनी बघायला नको. दोन दिवस मी त्या तारेला धरून बसले.

पण आज तुझं पत्र आलं, आणि मी तार पुन्हा काढून वाचली. आईचं नाव का नाही? सुखरूप असताना येऊ नकोस कशाला लिहायचं? तीन शब्दांची बातमी द्यायला दादा नाशिकला, द्वारकेच्या तारघरापर्यंत का गेला? फोन आता लागतो, पण फाट्यावरचा माणूस माझं नाव ऐकून म्हणतो, "घरच्यांना पाठवतो," आणि ठेवून देतो. तीनदा केला. कोणी आलं नाही.

वहिनी, मला दुसरं काही सांगू नकोस. आईनं बोललेलं एक वाक्य लिही. जसंच्या तसं, तिच्या तोंडचं. तू बनवून लिहिलंस तर मला लगेच ओळखू येईल.

दीपा


वस्ती,
११ फेब्रुवारी १९९९

दीपाताई,

आईंचं वाक्य आधी. आत्ता चुलीपुढे बसल्यात, तुमचं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "तिला लिही, मी जित्ती हाय. आन् एवढी लय शिकली, तर दोन ओळींत आईला मारून टाकायची घाई कशाला?" हे मी बनवलेलं नाही. नंतर पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ बसल्या, ते पण लिहिते.

सोमवारी सकाळी नऊला आई शिडीवर होत्या. दोन पायऱ्या उतरल्या होत्या, लुगडं खोचून. तेवढ्यात रस्त्यावरून नवसाबाईची आरोळी आली, "साळूबाई, तार आली, तार!" आपल्याकडे तार कधी येते तुम्हाला माहीत आहे. बाबांचे भाऊ गेले तेव्हा आली होती, त्यानंतर ही. आईंना वाटलं तुम्ही गेलात. त्या वर कशा आल्या ते त्यांनाच आठवत नाही. आम्ही सगळ्या घराकडे पळालो, रडत. वाचायच्या आधीच अर्धी वस्ती रडायला लागली होती. विहिरीवर कोणी राहिलं नाही.

सहादूभाऊ राहिले.

तार आमच्या घरची, त्यांचं तिथे काय काम. त्यांना वाटलं असेल, या लोकांवर दुःख आलंय, निदान त्यांचं काम तरी मार्गी लावू. हे मी माझ्या मनानं लिहिते. त्यांना विचारायला आता कोणी नाही.

मी पोस्टमनच्या हातून तार घेतली आणि वाचली. 'उतरू नका' एवढं वाचलं आणि उलटी पळाले, हे माझ्यामागे. काठावर फक्त चपला होत्या. खाली ते जुड्यांवर पालथे पडलेले. हाक मारली तर हात हलला. ताई, हात हलला. मी पाहिलं, यांनीही पाहिलं.

हे शिडीला लागले. मी त्यांचा पाय धरला. त्यांनी मला लाथ मारली, तरी मी सोडला नाही. आई आल्या, नवसाबाई आली, तिघी त्यांच्या अंगावर बसलो. हे ओरडत होते, "सोड, माणूस मरतोय, सोड." मला तुमचं एकोणतीस तारखेचं पत्र तेव्हा मिळालेलं नव्हतं. ते चार तारखेला आलं. मला फक्त तार माहीत होती. तारेत लिहिलं होतं कोणीही, म्हणून मी कोणालाच उतरू दिलं नाही.

नाशिकहून बंबवाले पाठीला नळकांडी बांधून आले, तेव्हा दीड वाजला होता.

आता गावात काय बोलतात ते लिहिते. म्हणतात, भारत उतरला असता तर सहादू वाचला असता. म्हणतात, तुमच्या वस्तीतला माणूस असता तर उतरले असते, आमचा होता म्हणून बायकोनं नवऱ्याला धरलं. मल्हारीभाऊ काही बोलत नाहीत, विहीर त्यांची. हे माझ्याशी बोलत नाहीत. तार त्यांनी केली, तुम्हाला लांब ठेवायचं म्हणून. फोनवाल्यालाही त्यांनीच सांगून ठेवलंय.

पंचनाम्याला आले तेव्हा विचारलं, "उतरायला कोणी सांगितलं होतं?" मी म्हणाले, आमचं आम्हीच ठरवलं. तुमचं पहिलं पत्र त्याच दिवशी चुलीत घातलं. घराण्यातलं पहिलं शिकलेलं माणूस आहे, ते कोर्टात उभं नाही करायचं. आई आणि मी दोघींनी ठरवलं. तुम्ही येऊ नका. तिकडेच राहा, नोकरी बघा.

कुसाबाई रोज सकाळी येतात आणि विहिरीच्या काठावर बसतात. कागद फेकून दिलाय. एकदा मला विचारलं, "पाय तूच धरला होता ना?" मी हो म्हणाले.

प्रतिभा


कोईमतूर,
१७ फेब्रुवारी १९९९

वहिनी,

पहिलं काम, कुसाबाईंना तिथून उठव. जुड्या अजून आत आहेत, विहीर उघडी आहे, आणि त्या वाकून बघत असणार. हातापाया पड, त्यांनी मारलं तर मार खा, पण काठापासून वीस पावलं लांब बसव. जुड्या कोणी काढायच्या नाहीत. मुकादम म्हणतात, माती टाकून विहीर बुजवा. मल्हारीभाऊंना माझ्या नावानं सांग.

तू पाय धरलास ते बरोबर केलंस. दादा उतरला असता तर त्या विहिरीतून दोघांचीही प्रेतं निघाली असती, आणि मग आई उतरली असती. हे दादाला मी स्वतः सांगेन. त्यानं तुझ्याशी बोलावं म्हणून नाही. खरं आहे म्हणून.

पण पत्र जाळलंस ते बरोबर केलं नाहीस. माझ्यासाठी केलंस हे मला कळतं. वहिनी, आता गावाला वाटतं की वस्तीतल्या अडाणी बायकांनी काहीतरी करून माणूस मारला. तुम्हाला ओढा पाहिजे होता. आईला माहीत होतं की कोंडलेलं पाणी चांगलं नसतं. तिला गप्प बसवलं ते माझ्या कागदानं. कुसाबाई तू पाय धरलास तिथवरच येऊन थांबल्यात, त्यामागचं माझं पत्र त्यांना माहीतच नाही.

इथल्या मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, धागा आता राहू दे, वाटलं तर वर्षभरानं ये. काय वाटेल मला माहीत नाही. साडी अजून त्या कपाटात आहे, मी तिकडे बघत नाही.

मला पुढच्या शुक्रवारचं तिकीट मिळालंय, रविवारी दुपारी पोचेन. दादाला स्टेशनवर पाठवू नकोस. मी घरी न येता आधी पलीकडच्या आळीत जाणार आहे, तिथून पोलिसांकडे. मी काय लिहिलं होतं ते मला शब्द न् शब्द पाठ आहे, तेच सांगेन.

मला फार भीती वाटते. गाडीची नाही, पोलिसांची थोडी. कुसाबाई मला आत बोलवतील, पाणी देतील आणि काहीच विचारणार नाहीत, याची सगळ्यात जास्त. त्यांनी विचारलं नाही तर मी कुठून सुरुवात करू?

आईला हे पत्र मोठ्यानं वाचून दाखव. काही गाळू नकोस.

दीपमाला